उशीचा नियम

माणसाची लायकी बघायची असेल तर त्याला लॉबीत बघू नये, तो निघून गेल्यावर त्याची खोली बघावी, असं काकू म्हणायच्या. मी आमच्या हॉटेलच्या रिसेप्शनवर अकरा वर्षं काढली. माझं काम लॉबीतलं, त्यामुळे मला माणसांचे फक्त पुढचे दात दिसायचे. काकूंचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या आवरण्याचं. त्यांना बाकीचं सगळं दिसायचं.

हॉटेल कसलं होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. समोरच्या रस्त्यावर ओळीनं बार, नाचाचे क्लब, मधेमधे मालिशची दुकानं. परगावची संसारी माणसं 'मीटिंग आहे' असं घरी सांगून यायची, बॅग आमच्याकडे टाकायची आणि रस्ता ओलांडायची. रस्ता ओलांडला की त्यांचं वय वीस वर्षांनी कमी व्हायचं आणि अक्कल चाळीसनं. परतताना बरोबर कुणीतरी असायची. तिला आमच्याकडे 'व्हिजिटर' म्हणत. व्हिजिटरनं ओळखपत्र काउंटरवर ठेवायचं, वहीत नाव लिहायचं, दुसऱ्या माणसाचं भाडं गेस्टनं भरायचं आणि सकाळी दहाच्या आत तिनं निघायचं. ती खाली आली की आम्ही वर फोन करायचा, "सर, सगळं ठीक आहे ना? काही हरवलेलं नाही ना?" सर 'ठीक' म्हणाले की तिचं ओळखपत्र तिला परत. बाई, तुझं सगळं ठीक आहे ना, असं तिला मात्र कधी कुणी विचारलं नाही. वहीत तसा रकानाच नव्हता.

आणि बक्षिसी! ह्या विषयावर मी पुस्तक लिहू शकेन, पण लिहिण्याच्या लायकीचा तो विषय नाही. कोणी हात मिळवता मिळवता तळहातात नोट सरकवतो आणि मित्रांनी पाहिलं की नाही ते मान वळवून बघतो. कोणी फाटकी नोट देतो, जी त्याच्याकडून दुकानदारानं घेतलेली नसते. कोणी 'पुढच्या वेळी नक्की' म्हणतो. एक गृहस्थ तर तळाशी बोटभर उरलेली बाटली टेबलावर ठेवून जात आणि वर चिठ्ठी लिहीत, 'स्टाफसाठी, मनापासून'. रस्त्यापलीकडे ह्याच माणसांनी ओळखदेख नसलेल्या दरबानाला सलामासाठी नोटा उधळलेल्या असत. तिथे दिवे रंगीत होते आणि बघायला माणसं होती. वर खोलीत, त्यांनी लोळवलेली चादर आणि तुंबवलेलं मोरीचं तोंड साफ करणाऱ्या बाईला बघणारं कुणी नसतं, मग देऊन फायदा काय?

काकू बुटक्या, रुंद, आणि चालताना एका बाजूला झुकणाऱ्या. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. तेवीस वर्षं त्या एकाच मजल्यावर राबल्या. दारावर तीनदा टकटक, 'सफाई' अशी हाक, मनात दहापर्यंत मोजणं, मग किल्ली. दार उघडलं की ढकलगाडी उंबऱ्यात आडवी लावायची, म्हणजे दार सताड उघडं राहतं आणि आत काय चाललंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. मग पहिली नजर उशीकडे.

उशीकडे का, तर त्यांच्यामुळेच झालेला एक नियम होता. मी लागायच्या खूप आधीची गोष्ट. टेबलावर ठेवलेली चिल्लर कुणीतरी बक्षिसी म्हणून सोडली असं समजून काकूंनी उचलली आणि गेस्टनं 'चोरी, चोरी' म्हणून हॉटेल डोक्यावर घेतलं. त्या वेळच्या मॅनेजरनं काकूंना माफी मागायला सांगितलं. काकूंनी मागितली नाही. त्यांनी ढकलगाडी मॅनेजरच्या केबिनच्या दारात आडवी लावली आणि सांगितलं, "आमचं कुठलं आणि त्यांचं कुठलं ते लिहून द्या. तोवर मी गाडी हलवायची नाही." मॅनेजर आत अडकला. दुपारपर्यंत नियम लिहून झाला आणि प्रत्येक खोलीत दारामागे चिकटला. उशीवर ठेवलेली रक्कम खोली आवरणाऱ्याची बक्षिसी समजली जाईल. इतरत्र राहिलेली कोणतीही रक्कम किंवा वस्तू विसरलेली समजून सहा महिने जपून ठेवली जाईल, मालक न आल्यास जिला वा ज्याला सापडली त्याला देण्यात येईल.

ह्या नियमाचा काकूंना केवढा अभिमान! नव्या मुलींना त्या खोलीत नेऊन तो वाचून दाखवायच्या. स्वतः इतक्या काटेकोर, की नोट अर्धी उशीवर आणि अर्धी चादरीवर असली तर विसरलेल्या वस्तूंच्या कपाटात जमा. एकदा मी हसून म्हणालो, "काकू, अर्धी तरी घ्यायची."

"टायवाल्या," त्या म्हणाल्या, "तुला हसू येतंय, कारण तुझ्याकडे कधी कुणी चोर म्हणून बोट दाखवलेलं नाही."

मला त्या कायम 'टायवाल्या' म्हणायच्या. हॉटेलनं आम्हा रिसेप्शनवाल्यांना टाय दिला होता आणि आम्हाला त्याची घमेंड होती, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

घरी नवरा, मुलगा आणि सून. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, दिवसभर जुनी घड्याळं उघडून बसायचा आणि एकही धड जोडायचा नाही. खालच्या मजल्यावर जाऊबाई. ह्या जाऊबाईंना आमच्या हॉटेलचा भारी पुळका. चार पाहुणे जमले की मुद्दाम विचारायच्या, "काय हो, तुमच्या त्या हॉटेलात रात्री बाया येतात म्हणे?" काकू शांतपणे सांगायच्या, "येतात की. आणि बरोबर तुझ्या ओळखीतलेही पुष्कळ येतात. नावं सांगू का?" मग जाऊबाई चहा टाकायला उठायच्या. काकू मला हे साभिनय सांगत आणि शेवटी म्हणत, "मी चादरी बदलते, ती रंग बदलते. कष्ट माझे जास्त."

पण त्या टोमण्यांची एक गोष्ट त्यांच्या मनाला लागलेली होती. अशा हॉटेलात काम करून आपलं नाव स्वच्छ राहिलंय, त्या नियमानंतर एक तक्रार नाही, हे त्यांना जाऊबाईंच्या तोंडावर सिद्ध करायचं होतं. आणि ती वेळ जवळ आली होती. मजल्याची इन्चार्ज बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होती. तिची जागा काकूंना मिळणार, हे भिंतींनाही ठाऊक होतं. इन्चार्ज म्हणजे कपड्यांच्या खोलीत बसून चादरी-टॉवेल मोजून देणं आणि आवरलेल्या खोल्या तपासणं. तिथे एक खुर्ची होती. लाकडी, साधी, हात नसलेली. तेवीस वर्षांत त्या मजल्यावर काकू एकदाही बसल्या नव्हत्या, कारण बसायची सोयच नव्हती. गेस्टच्या पलंगावर बसलं तर नोकरी जाते.

त्या खुर्चीसाठी त्यांनी एक उशी तयार केली होती. हॉटेलनं रद्द केलेली एक उशी त्यांनी रीतसर मागून घेतली, घरी उसवली, कापूस पिंजून पुन्हा भरला, आणि पडद्याच्या उरलेल्या निळ्या तुकड्याचा अभ्रा शिवून ती खुर्चीच्या मापाची केली. मला दाखवायला म्हणून पिशवीतून खाली घेऊन आल्या होत्या.

"अजून ऑर्डर निघाली नाही काकू," मी म्हणालो.

"गुडघ्यांना ऑर्डर लागत नाही," त्या म्हणाल्या. "बघ दाबून. कशी झालीय?"

मी दाबून बघितली. छान झाली होती.

आता दिलदार साहेब. हे नाव दरबानानं ठेवलेलं. साहेब दर दोन-तीन महिन्यांनी यायचे, तीनशे सात नंबरची खोली, दोन रात्री. टॅक्सीतून उतरले की दरबानाला नोट, बॅग उचलणाऱ्याला नोट, लिफ्टपाशी नोट, आणि प्रत्येक नोटेबरोबर एक वाक्य, लॉबीभर ऐकू जाईल असं. "अरे, पैसा काय, आज आहे उद्या नाही!" मॅनेजर त्यांना बघून इतका वाकायचा, की पाठीचं दुखणं जडेल अशी मला काळजी वाटायची. मला साहेब 'बॉस' म्हणायचे. मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

काकूंचं मत वेगळं होतं. "तुझ्या दिलदाराच्या उशीवर मला आजवर फक्त केस सापडलेत," त्या म्हणाल्या. "आणि टॉवेलनं बूट पुसतो मेला."

साहेबांचं माझ्याकडे एक छोटंसं काम असायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काउंटरवर वाकून, एक मोठी नोट वहीखाली सरकवून म्हणाले, "बॉस, सकाळी सहाला वर एक फोन टाक. म्हण, व्हिजिटरची वेळ संपली, लगेच खाली पाठवा. आणि म्हण, खाली पर्स तपासतात, जास्त रोकड सापडली तर ओळखपत्र अडकवून ठेवतात. मोठ्यानं बोल. शेजारच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे."

वेळ दहापर्यंत होती आणि पर्स तपासायचा नियम नव्हता. हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही. मी फोन केला. साहेबांना एकट्याला झोपायचं असेल, अशी मी समजूत करून घेतली. खरं म्हणजे समजूतसुद्धा करून घेतली नाही. नोट मोठी होती आणि कोल्हा काकडीला राजी असतो. पुढे दोन वर्षं ते आले की मी तो फोन करत राहिलो. फोननंतर दहा मिनिटांनी कुणीतरी मुलगी केस बांधत, चपलेचा पट्टा धड न लावता खाली यायची, घाबरलेल्या चेहऱ्यानं ओळखपत्र मागायची आणि जवळजवळ पळत जायची. दर खेपेला निराळी. ह्याचा अर्थ लावायला काही फार अक्कल लागत नव्हती. मी लावला नाही.

त्या दिवशी माझी रात्रपाळी संपली, पण दिवसपाळीचा माणूस आला नाही म्हणून मी दुपारपर्यंत थांबलो होतो. साहेबांची गाडी संध्याकाळची. त्यांनी खोली ठेवली होती. सकाळी ते नाश्त्याला खाली आले, तेवढ्यात काकूंनी तीनशे सात आवरून टाकली. दुपारी साहेब बॅगा घेऊन उतरले आणि त्यांचा निरोपसमारंभ सुरू झाला. दरबानाला नोट, पैसा काय आज आहे, वगैरे.

तेवढ्यात दारातून एक मुलगी आत आली. साधा पोशाख, घट्ट वेणी, हातात भाजीची कापडी पिशवी. मी तिला ओळखलं नाही. ती सरळ काउंटरपाशी आली.

"दादा, तीनशे सातमधले माझे पैसे घ्यायला आलेय."

मग मी ओळखलं. पहाटे हीच गेली होती. तिनं पिशवीत हात घालून ओळखपत्र काढलं आणि आपण होऊन काउंटरवर ठेवलं. तेवढा नियम तिला ठाऊक होता.

"कसले पैसे?" मी विचारलं.

"रात्रीचे. खाली पर्स तपासतात, एवढी रोकड सापडली तर माझ्यावरच चोरीचा आळ येईल, असं साहेब म्हणाले. फोनवर तुमच्यातलंच कुणीतरी सांगत होतं, मी स्वतः ऐकलं. साहेब म्हणाले, दुपारी ये, मी उशीवर ठेवून जातो, कुणी हात लावणार नाही. सात मोठ्या नोटा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्याआधी पळत गेलेल्या सगळ्या जणी डोळ्यांसमोरून गेल्या. त्यांच्यापैकी एकही दुपारी परत आल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. दिवसाउजेडी आमच्या लॉबीत येऊन मॅनेजरसमोर कसले पैसे मागायचे? साहेबांचा सगळा हिशेब त्या लाजेवर चालला होता. ही पहिली, जिला लाजण्यापेक्षा भाजी महाग वाटली.

साहेब चार पावलांवर उभे होते. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. पण मुरलेला माणूस. लगेच छाती भरून म्हणाले, "अगं, मी ठेवले की! उशीवर, मोजून सात. मी नाश्त्याला गेलो तेव्हा तिथेच होते." आणि मॅनेजरकडे वळून, "तुमच्या खोली आवरणाऱ्या बाईंना विचारा. उशीवरचं त्यांचं असतं ना? दारामागे लिहिलंयच तुम्ही."

साहेबांनी नियम वाचला होता. दोन वर्षांत त्या खोलीत त्यांनी वाचलेली ती एकमेव गोष्ट असावी.

काकूंना खाली बोलावलं. त्या लिफ्टनं आल्या नाहीत, स्टाफला लिफ्ट नाही. जिन्यानं, एकेक पायरी, हातात अजून ओलं फडकं. मॅनेजरनं विचारलं, आणि विचारण्याची पद्धत अशी, की उत्तर त्याला आधीच मिळालं होतं. "काकू, तुम्ही उशीवरच्या सात नोटा घेतल्या असतील तर घेतल्या. नियमानं तुमच्याच. पण हा गैरसमज झालाय, तर परत करा आणि विषय संपवा."

"उशीवर काही नव्हतं," काकू म्हणाल्या. "त्या माणसाच्या उशीवर कधीच काही नसतं."

"मग काय मी खोटं बोलतोय?" साहेब गरजले. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, तो मी त्या दिवशी धडधडीत पाहिला.

"ते तुमचं तुम्हाला माहीत," काकू म्हणाल्या. मग मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "फोन किती वाजता आला होता गं?"

"सहाला, मावशी."

"बरोबर. मी साडेपाचला येते, सहाला पाणी भरत असते. हा माणूस आला की तीनशे सातमध्ये सहाला फोन वाजतो. आज नाही, दर वेळी." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता, हे मला अजून सलतं. साक्षीला आपलं माणूस बोलवावं, तसं त्या बघत होत्या. "टायवाल्या, सांग ना. खालून फोन कुणी केला?"

मॅनेजर माझ्याकडे वळला. "पर्स तपासण्याचा नियम आपल्याकडे नाहीच. रिसेप्शनवरून असा फोन गेला होता का?"

आतल्या फोनची नोंद कुठे राहत नाही. साहेब माझ्याकडे बघून गोड हसत होते. 'बॉस' असं म्हणायचीही गरज नव्हती. मी हो म्हटलं असतं तर दोन वाक्यांत सगळं उलगडलं असतं. काकू सुटल्या असत्या, मुलगी सुटली असती, साहेबांचा मुखवटा तिथेच गळून पडला असता. आणि माझी नोकरी गेली असती, कदाचित. कदाचित नुसती बोलणी बसली असती. मी तेवढंही मोजत बसलो नाही.

"नाही सर," मी मॅनेजरला म्हणालो. "असा फोन गेलेला नाही."

 काकूंनी ओलं फडकं माझ्या काउंटरवर ठेवलं आणि जिन्यामागच्या स्टाफच्या कपाटांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. झाकण उघडून त्यांनी नोटा काढल्या. लहान, मळक्या, चार घड्या घातलेल्या, कित्येक महिन्यांच्या उशांवरून एकेक करून जमलेल्या. मुलीच्या पिशवीत त्या मूठमूठ टाकू लागल्या, तोंडानं आकडा म्हणत. डबा तळाला गेला.

"मावशी, नको," मुलगी म्हणाली. "तुम्ही घेतले नसतील तर नको."

"मी घेतलेले नाहीत. पण तू काम केलंस ना? मग हात रिकामा जायचा नाही." काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "आणि एक लक्षात ठेव. आधी पैसे हातात, मग चप्पल पायात. उशी हा तुझा नियम नाही, माझा आहे."

सात मोठ्या नोटांच्या जागी पिशवीभर चुरगळलेल्या बारक्या नोटा निघाल्या होत्या. आंधळ्यालाही कळलं असतं की हा साहेबांचा पैसा नव्हे. पण मॅनेजरला आंधळ्याहून कमी दिसत होतं, त्याला साहेबांची पुढची फेरी दिसत होती.

"बघा, निघाले की नाही!" साहेब म्हणाले.

"लगेच मोडूनही घेतले वाटतं, काकू?" मॅनेजर म्हणाला.

मुलगी ओळखपत्र उचलून गेली. जाताना तिनं काकूंना वाकून नमस्कार केला. साहेबही गेले, आणि जाता जाता मला एक मोठी नोट देऊन गेले. मी ती घेतली. सगळ्यांसमोर नाकारायची कशी?

महिनाअखेरीस खुर्ची दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला मिळाली. मॅनेजरनं काकूंवर कारवाई केली नाही, उलट 'एवढ्या वर्षांची सेवा बघून मी सोडून देतो' असं चार जणांत बोलून दाखवलं. त्यापेक्षा काढून टाकलं असतं तर बरं. नव्या मुलींना आता कुणीतरी सांगू लागलं, काकूंपासून जपून राहा. बातमीला पाय असतात. जाऊबाईंपर्यंत ती आमच्याच धोब्याच्या बायकोकडून पोचली. ह्या खेपेला जाऊबाई चहा टाकायला उठल्या नाहीत, असं मला मागाहून कळलं. उठल्या त्या काकू.

त्या महिन्यात काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. सकाळी साडेपाचला त्या मागच्या दारानं येऊन काउंटरपुढून जात, मी वहीत डोकं घालून बसत असे. मॅनेजरला जाऊन सांगावं असं मी रोज ठरवत होतो. ठरवायला काय जातं! टाय बांधताना ठरवायचं आणि सोडताना विसरायचं.

मग काकूंनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी सकाळी सातला, माझी पाळी संपायच्या वेळी, त्या काउंटरपाशी आल्या. अंगावर गणवेश नव्हता. गणवेश नसलेल्या काकू मी पहिल्यांदा पाहिल्या आणि त्या मला कुणाच्यातरी आजीसारख्या दिसल्या. त्यांनी पिशवीतून ती निळ्या अभ्र्याची उशी काढली, माझ्यापुढे ठेवली, दोन्ही हातांनी थोपटून सपाट केली आणि तिच्या बरोबर मध्यावर एक मोठी नोट ठेवली. कोरी. बँकेतून आणलेली असावी.

"काय हे, काकू?"

"उशीवर आहे ना? मग काय आहे ते तुला ठाऊक आहे."

"पण कशाची?"

"तुझा साहेब तुला फोन केल्याची देतो," काकू म्हणाल्या. "ही फोन न केल्याची."

आवाज चढला नव्हता. लॉबीत दोन गेस्ट चावी द्यायला उभे होते, त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. काकू वळल्या आणि एका बाजूला झुकत पुढच्या दारानं बाहेर पडल्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दारानं. दरबानानं सवयीनं दार उघडून धरलं.

मागे धावायला हवं होतं. निदान नोट तरी परत करायला हवी होती. पण गेस्ट थांबले होते, आणि मी आधी त्यांच्या चाव्या घेतल्या. मग ती नोट उशीवरून उचलली आणि विसरलेल्या वस्तूंची वही उघडली. वस्तू: एक नोट, एक लहान उशी. कुठे सापडली: रिसेप्शन काउंटर. नोट उशीवर होती, हे मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर ती माझी बक्षिसी ठरली असती. मालक ह्या रकान्यात मी 'अज्ञात' असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

त्यानंतर दिलदार साहेब दोनदा येऊन गेले. फोन मी केला नाही, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकतो. शेजारचा रिसेप्शनिस्ट करतो. त्याचाही टाय माझ्यासारखाच आहे.

सहा महिने झाले त्या दिवशी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पाकीट होतं, आणि शेजारी ती निळी उशी, कपाटात राहून जरा दबलेली.

"मालक काही आला नाही," मॅनेजर म्हणाला. "नियमाप्रमाणे आता हे तुझं. इथे सही कर."

मी सही केली.